गोचीड, बांगडा आणि इम्युनिटीची बाटली

नवरात्राच्या आसपास, पाऊस ओसरायला लागला की आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात रोज रात्री जेवणं उरकल्यावर एक कार्यक्रम असतो. ट्यूबलाइटखाली सतरंजी, तिच्यावर आडवा पडलेला आमचा कुत्रा तांबू आणि त्याच्या पंजाची बोटं एकेक करून फाकवणारा मी. शेजारी वाटीत साबणाचं पाणी. बोटांच्या बेचक्या, कानाच्या घड्या, गळपट्ट्याखालची जागा, शेपटीचं बूड, काख, असा क्रम ठरलेला आहे. गोचीड सापडली की चिमट्यानं अगदी कातडीलगत धरायची, न पिळता सरळ ओढायची आणि वाटीत बुडवायची. नखानं चिरडायची नाही. उदबत्तीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही. असल्या उपायांनी ती सुटण्याआधी आतली घाण जखमेत ओकण्याची भीती असते. तांबू गावठी आहे, कोपरीतल्या एका गॅरेजमधून आणलेला. या कार्यक्रमात तो बहुतेक वेळा घोरायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी हा कार्यक्रम नव्हता. त्याच्या जागी एक बाटली होती. गुळवेल, आवळा, अश्वगंधा, लेबलवर उडी मारणारा कुत्रा आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ अशी मोठी अक्षरं. रोज सकाळी पाच मिली. ते चाटून झालं की मला वाटायचं, आजचं काम झालं, आतली तटबंदी पक्की. ऑक्टोबरात एके दिवशी तांबूनं खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना मधेच बसला. डॉक्टरांनी त्याचा वरचा ओठ उचलून मला हिरडी दाखवली. फिकट गुलाबी हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. रक्त तपासलं तर प्लेटलेट ३२ हजार. कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. टिक फीव्हर, म्हणजे गोचिडांनी दिलेला ताप.

“काय काय देता याला?” डॉक्टरांनी विचारलं. मी जरा ऐटीतच सिरपचं नाव सांगितलं.

“बरं. आणि गोचिडांसाठी?”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून ‘नैसर्गिकरीत्या इम्युनिटी वाढवा’ हे वाक्य कुठे वाचलं की मी आधी ‘वाढवा’ या शब्दापाशी थांबतो. काय वाढवायचं? किती? आणि वाढलं तर चांगलंच असतं का?

वाढवायचं की ताळ्यावर ठेवायचं

गणपती विसर्जनाच्या रात्री तलावपाळीवरचा बंदोबस्त आठवा. हजारो माणसं, ढोल, लहान पोरं खांद्यावर. त्यात पोलिसांचं काम दुहेरी असतं. खिसेकापू ओळखायचा आणि बाकीच्यांना सुखानं जाऊ द्यायचं. पोलीस कमी पडले तर गोंधळ होतो. पण पोलीसच बिथरले आणि दिसेल त्याच्यावर लाठ्या चालवायला लागले, तर खिसेकापूंपेक्षा जास्त नुकसान तेच करतील.

प्रतिकारशक्तीचं गणित अगदी हेच आहे. ती कमी असणं हा आजार आहे, आणि ती बेफाम होणं हाही. रात्रभर पंजे चाटून चाटून लाल करून घेणारा, कान सतत खाजवणारा लॅब्रॅडॉर तुमच्या ओळखीत असेल. त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती कमी नसते. धुळीतल्या किड्यांना, गवताच्या परागांना, कधी कोंबडीच्या मांसालासुद्धा ती शत्रू समजते आणि नको तिथे लाठी उगारते. ॲलर्जी म्हणतात ती हीच. याहून वाईट प्रकार म्हणजे शरीर स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी फोडायला लागतं. कुत्र्यांमध्ये हा आजार दुर्मीळ नाही, आणि त्यावरचा उपचार म्हणजे स्टेरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दाबणं. अशा कुत्र्याला कौतुकानं ‘बूस्टर’ पाजणं म्हणजे बिथरलेल्या फौजेला आणखी कुमक पाठवणं.

म्हणून कोणतीही बाटली फक्त ‘वाढवते’ असं सांगत असेल, तर ती नक्की कोणती पेशी वाढवते आणि किती, हे विचारायला हरकत नसावी. उत्तर मिळणार नाही, तो भाग वेगळा.

“नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?” हा आपला ठरलेला बचाव. माझाही होता. २०२१ साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ माणसांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तेव्हा तो निष्कर्ष मान्य केला नाही. घेतलेली वनस्पती गुळवेलच होती हे नीट तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवा. माणसांच्या बाबतीत एवढी खळखळ असेल, तर चार किलोच्या मांजरीला किती थेंब द्यायचे हे बाटलीवाल्यानं कशावरून ठरवलं? मांजरीचं यकृत तर वेगळंच आहे. आपल्याकडे औषधं आणि तेलं मोडून बाहेर टाकायची जी एक महत्त्वाची सोय असते, ती तिच्याकडे फार अपुरी आहे. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि फिनाईलनं पुसलेल्या ओल्या लादीवरून चालून पाय चाटणंसुद्धा तिला बाधू शकतं. सुगंधी तेलांचे डिफ्यूझरही त्याच यादीत.

घरच्या कापराचंही तसंच. पिसवा पळतात म्हणून कापूर खोबरेल तेलात मिसळून चोळणारी घरं ठाण्यात आजही आहेत. कापूर पोटात गेला तर कुत्र्या-मांजराला झटके येऊ शकतात, आणि अंगाला लावलेलं प्राणी चाटणार नाही असं कसं होईल?

चीक आणि आईची शिदोरी

आता खरी नैसर्गिक प्रतिकारशक्ती कुठून येते ते बघू. खरवस ज्याचा करतात तो चीक सगळ्यांना माहीत असतो. कुत्री व्याली की पहिल्या दिवशी तिलाही चीकच येतो. माणसाच्या बाळाला वारेतून आईच्या बऱ्याच अँटीबॉडी आधीच मिळालेल्या असतात. पिल्लांना तशा फार थोड्या मिळतात; जवळजवळ सगळा साठा चिकातून येतो. त्यातही मुदत कडक असते. पिल्लाच्या आतड्याची दारं या अँटीबॉडींसाठी साधारण पहिले २४ तासच उघडी असतात. त्यानंतर तेच दूध पोट भरतं, पण त्यातल्या अँटीबॉडी रक्तात जात नाहीत. सातव्या पिल्लाला धक्काबुक्कीत आचळ मिळालं नाही, तर त्याचं हे नुकसान नंतर कुठल्याही पावडरीनं भरून निघत नाही.

ही आईची शिदोरी संपत जाते. दर आठ-दहा दिवसांनी साधारण निम्मी. इथेच लसीचा सगळा घोळ समजून घेण्यासारखा आहे, कारण “तीन-तीन डोस कशाला? डॉक्टरांचा धंदा आहे” हे वाक्य मी आमच्याच लिफ्टमध्ये ऐकलेलं आहे.

झालंय असं की लसीतला अशक्त केलेला विषाणू पिल्लाच्या अंगात गेला की आईच्या उरलेल्या अँटीबॉडी त्यालाही शत्रू समजून गारद करतात. पिल्लाच्या स्वतःच्या पेशींना शिकायची संधीच मिळत नाही. मग थांबावं, शिदोरी संपल्यावर एकदाच टोचावं? तसंही करता येत नाही, कारण मधे एक कात्रीचा काळ येतो. आईच्या अँटीबॉडी लस फुकट घालवण्याइतक्या असतात, पण रस्त्यावरचा खराखुरा, जीवघेणा पार्व्हो विषाणू अडवण्याइतक्या नसतात. हा काळ कुणाचा सहाव्या आठवड्यात येतो, कुणाचा बाराव्या, आणि एकाच वेतातल्या दोन भावंडांचाही वेगवेगळा असतो. ज्यानं चीक भरपूर ओढला, त्याची लस उशिरा ‘लागते’. म्हणून छोट्या पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची शिफारस आहे की सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत मुख्य लसी देत राहा. हे डोस एकावर एक चढवायचे मजले नाहीत. ते नेम आहेत. त्यातला एक तरी बरोबर वेळी लागावा, यासाठी चाललेली ही धडपड. सोळा आठवड्यांच्या पुढे मारलेला नेम सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच चुकवतात, कारण तोवर पिल्लू चांगलं गुटगुटीत दिसायला लागलेलं असतं.

पुढे एक वर्षाच्या आत एक डोस, आणि मग डिस्टेंपर-पार्व्होसारख्या विषाणूंच्या लसी तीन वर्षांतून एकदाही पुरतात असं हीच संघटना सांगते. लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची, मात्र दर वर्षी लागते. आपल्याकडे ‘नाइन-इन-वन’ म्हणून सगळं एकाच बाटलीत येतं, त्यामुळे वर्षाला काय आणि तीन वर्षांनी काय, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. रेबीजबद्दल बोलायचं काही शिल्लक नाही. लक्षणं दिसली की जवळपास कुणीच वाचत नाही. ती लस ठरल्या वेळी द्यायचीच.

लस ‘नैसर्गिक’ नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९७८ सालची गोष्ट सांगतो. त्या सुमारास पार्व्हो हा कुत्र्यांमधला अगदी नवा विषाणू प्रथम ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. उत्तम खाणारे, मोकळ्या हवेत पळणारे, धष्टपुष्ट कुत्रेही मेले. त्यांची प्रतिकारशक्ती कमकुवत नव्हती. तिनं हा चोर कधी पाहिलाच नव्हता. लस म्हणजे त्या चोराचा फोटो. पकडायचं काम शरीर स्वतःच्याच फौजेकडून करून घेतं. यापेक्षा नैसर्गिक आणखी काय असणार?

जाता जाता : पार्व्हो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलेच्या तळव्यावरून पाचव्या मजल्यावर येतो, आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. तरी “तीस दिवसांचं झालंय, घेऊन जा” हे सर्रास चालतं. त्या पिल्लाची शिदोरी, दूध आणि आई एकाच दिवशी सुटते, वरून टॅक्सीचा प्रवास. मग ते आजारी पडलं की आपण इम्युनिटीचं टॉनिक शोधतो.

ताटातलं

अँटीबॉडी म्हणजे प्रथिनं. पांढऱ्या पेशी बनायलाही प्रथिनं लागतात, आणि कातडी, जी प्रतिकारशक्तीची पहिली भिंत, तिलाही. म्हणून मराठी घरातल्या कुत्र्याचं जे पारंपरिक जेवण, दूध-पोळी, त्यावर मी आधी बोट ठेवीन. पोळी गुन्हेगार नाही. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती पाळीव कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या ताटातलं खात खातच तो कुत्रा झाला. भात, भाकरी त्याला पचते. पण नुसत्या पोळीत लागेल तेवढं प्रथिन नसतं, आणि दूध तर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना नीट पचत नाही. दोन चमचे दही चालतं, कारण विरजणात दुधातली साखर थोडी कमी झालेली असते.

मांजरीच्या बाबतीत तडजोड नाही. ती पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला अन्नातूनच घ्यावा लागतो आणि तो मांस-मासळीतच असतो. तो कमी पडला तर हृदय मोठं होऊन निकामी होतं, डोळे जातात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली उलगडला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. तुमच्या घरात मांस चालत नसेल तर मांजरीऐवजी गिनीपिग पाळा, असं मी खरोखरच एका स्नेह्यांना सांगितलं होतं. त्यांना राग आला.

गिनीपिगवरून आठवलं. आवळा, लिंबू, मोसंबी हे ‘क जीवनसत्त्वासाठी’ कुत्र्याला देणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. कुत्रा आणि मांजर क जीवनसत्त्व आपापल्या यकृतात बनवतात. आपल्याला ते जमत नाही, म्हणून आपल्याला आवळा लागतो. गिनीपिगलाही जमत नाही. त्याला रोज ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड हवीच. उलट ड जीवनसत्त्वात आपण पुढे आहोत. आपल्या कातडीत ते उन्हानं तयार होतं, कुत्र्या-मांजराच्या कातडीत पुरेसं होत नाही. त्यांना सकाळचं कोवळं ऊन आवडतं, जरूर घेऊ द्या, पण ड जीवनसत्त्व बांगड्यातून, अंड्याच्या बलकातून, कलेजीतून येणार. कलेजीही अधूनमधूनच, रोज वाटीभर दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून हाडं धरतात, मांजरांची तर नक्कीच.

बांगड्याचं नाव आलंच आहे तर जरा थांबतो, कारण घरगुती उपायांत माझा सगळ्यात विश्वास या माशावर आहे. कातडीतली सूज, खाज, सांध्यांचा दाह आटोक्यात ठेवायला ओमेगा-३ चा उपयोग होतो, हे बऱ्यापैकी तपासलेलं आहे. जवसातही ओमेगा-३ असतं म्हणून लोक जवसाची पूड घालतात. पण ते वेगळ्या रूपात असतं, त्याचं रूपांतर कुत्र्याचं शरीर फार थोडं करतं आणि मांजरीचं त्याहून कमी. माशातलं आयतं मिळतं. रविवारी चेंदणी कोळीवाड्याकडून येताना घरासाठी सुरमई आणि तांबूसाठी दोन बांगडे किंवा मूठभर तारली, असा आमचा हिशेब. सुरमईपेक्षा स्वस्तही. वाफवायचे, गार झाले की बोटांनी काटे चाचपून काढायचे, मीठ-मसाला काही नाही. वाटीत पडलेलं ते राखाडी, तेलकट मांस दिसायला अगदी गरीब दिसतं. सुकट आणि सुके बोंबील मात्र नकोत. मीठ फार असतं.

हळदीबद्दल सगळे विचारतात. हळदीतला गुणकारी घटक आतड्यातून रक्तात फार कमी उतरतो. चिमूटभर हळदीनं बिघडत नाही, पण त्यावर विसंबून औषध टाळू नका. लसणीबद्दल मात्र मी कडक आहे. “लसूण घातला की गोचीड लागत नाही, ताकदही येते” हे खोटं आहे आणि धोक्याचं आहे. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. चार किलोच्या मांजराला वीसेक ग्रॅम कांदाही बाधू शकतो, म्हणजे भाजीतला अर्धा छोटा कांदा. लसूण त्याहून तिखट. आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून आलं-लसूण घालून केलेलं चिकन सूप हे या यादीतलं सगळ्यात गोड दिसणारं विष. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडावर येतात. २०२१ पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. त्यामुळे आंबटगोड आमटीत कालवलेला भातही नको. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल आणि चॉकलेट तर बहुतेकांना माहीतच आहे.

“मग घरीच चिकन-भात शिजवतो, तो तर शुद्ध” हा पुढचा टप्पा. इथेही सांभाळून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या १९० मध्ये एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. जस्त हे त्यातलं नेहमीचं नाव, आणि कातडी व पांढऱ्या पेशींना जस्त लागतंच. नुसत्या मांस-भातात कॅल्शियमही फार कमी असतं. म्हणजे घरचं देऊ नये असं नाही. आम्ही अर्धं घरचं, अर्धं तयार देतो. पूर्ण घरचं द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या. परळला पशुवैद्यक कॉलेजातही त्यासाठी विचारता येतं. कच्चं मांस देऊ नका, त्यातला साल्मोनेला हा जंतू तुमच्याही ओट्यावर उतरतो.

खाण्याचा दुसरा धागा आतड्याला बांधलेला आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीलगत राहतो, आणि तिथे वस्तीला असलेले जिवाणू त्यांना रोज ‘हा आपला, हा परका’ शिकवत असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांच्या खाण्यात एन्टेरोकोकस फिशियम हा उपयोगी जिवाणू मिसळला, तर त्यांच्यात डिस्टेंपरच्या लसीनंतरच्या अँटीबॉडी जास्त टिकल्या. लसीविरुद्ध नाही, लसीबरोबर. मला हा प्रयोग म्हणूनच आवडतो. आपल्या घरच्या दह्यात हाच जिवाणू असेल असं मात्र समजू नका. दह्यापेक्षा जास्त उपयोग आहे तो उकडलेल्या लाल भोपळ्याच्या दोन चमच्यांचा. त्यातल्या चोथ्यावर ते जिवाणू जगतात. आणि सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून न देणं. जुलाब झाले की माणसाची गोळी अर्धी करून देणारे अर्धे डॉक्टर प्रत्येक सोसायटीत असतात.

वजनाबद्दल थोडक्यात. ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला एक जुना प्रयोग आहे, २००२ साली प्रसिद्ध झालेला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे साधारण १.८ वर्षं जास्त जगले. चरबी नुसती बसून राहत नाही, ती सतत दाह पेटता ठेवते. हाताची मूठ वळून बोटांच्या मागच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या तशा उठून लागत असतील तर कुत्रा बारीक. तळहात उताणा करून बोटांच्या मुळाशी दाबा. बरगड्या तशा शोधाव्या लागत असतील तर तो जाड. मूठ उघडून पालथ्या हातावरून बोट फिरवताना लागतं, तसं हवं. वर्षानुवर्षं एकही पैसा न लागणारा हा इम्युनिटीचा उपाय आहे आणि तो कुणालाच नको असतो, कारण त्यात लाडूचा तुकडा बंद होतो.

भिंतीतली गोचीड

परत तांबूकडे. तपकिरी गोचीड ही शहरात रुळलेली जात. तिला रान लागत नाही. रक्त पिऊन फुगली की ती खाली पडते आणि प्लास्टरच्या भेगेत, लिफ्टच्या चौकटीत, पायपुसण्याखाली जाऊन हजारो अंडी घालते. येऊरच्या रानात फिरायला नेलं म्हणून गोचीड लागली असं आपण म्हणतो, पण आमच्या तांबूचा गोचिडांचा गाव बहुधा आमचाच जिना होता. चार्जिंग पॉइंटच्या मागे, भिंतीवर, तिळाएवढ्या चढत होत्या. त्या दिसल्या तेव्हा अंगावर काटा आला.

टिक फीव्हर म्हणजे एकच आजार नव्हे. त्यातला आपल्याकडे नेहमी आढळणारा एर्लिकिया हा जंतू राहतो कुठे, तर पांढऱ्या पेशींच्या आत. म्हणजे चोर पोलिसांच्याच गाडीत बसून गावभर फिरतो. अशा वेळी पोलिसांची संख्या वाढवून काय साधणार? प्लेटलेट घसरतात, ताप येतो. उपचार झाले नाहीत तर काही कुत्र्यांत महिन्यांनी अस्थिमज्जाच आटते, आणि तिथून परत आणणं फार अवघड. वेळेवर पकडला तर डॉक्सिसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या कोर्सनं बहुतेक कुत्रे सुधारतात. तांबू तिसऱ्या दिवशी जेवला. आम्ही मात्र तापानंतरचे पंचवीस दिवस गोळी चपातीत लपवत होतो, कारण बरा दिसला म्हणून कोर्स सोडायचा नाही हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

चिकटल्यावर काही तासांतच गोचीड हा जंतू सोडू शकते. म्हणून माझा रात्रीचा कार्यक्रम एकटा पुरत नाही. डॉक्टरांनी दिलेली गोचिडांची गोळी किंवा मानेवरचे थेंब ठरलेल्या अंतरानं, वर्षभर. ठाण्यात गोचिडांना हिवाळा ठाऊक नाही. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर गोळीआधी तसं सांगा. आणि कुत्र्याचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजरीला कधीही लावू नका, तिला ते जीवघेणे आहेत. जिन्याचं काम सोसायटीनं मिळून करावं लागतं : भेगा बुजवणं, फवारणी, भटक्या कुत्र्यांनाही औषध. आमच्याकडे यावर दोन मीटिंगा झाल्या. पहिलीत पार्किंगवरच भांडण झालं.

पावसातला दुसरा शत्रू लेप्टो. उंदराच्या लघवीतून पाण्यात, तिथून ओरखडलेल्या किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात माणसांमध्ये याचे रुग्ण एकदम वाढले होते. कुत्र्याची मूत्रपिंडं आणि यकृत जातं, आणि त्याच्या लघवीतून आपल्यालाही होऊ शकतो. बेसमेंट पार्किंगमधल्या डबक्यातून कुत्रा नेणं टाळा, तिथलं पाणी तर पिऊच देऊ नका. घरी आल्यावर पंजे धुवून बोटांच्या मधे नीट कोरडं करा. ओल्या बेचक्यात बुरशी धरते आणि ती चाटण्यातून कातडीच्या भिंतीला भगदाड पडतं. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी. पिल्लात जंत आईच्या पोटातूनच आलेले असतात, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक वेगळं आणि दाट.

मांजरांचा ताण ही गोष्ट आपण हसण्यावारी नेतो. घर बदललं, नवं मांजर आणलं, दिवाळीत चार दिवस फटाके वाजले, की अंगात निपचित पडलेला हर्पीसचा विषाणू उठतो आणि शिंका, डोळ्यांतून पाणी सुरू होतं. तिला उंचावर एक खोकं आणि कुणी हात न लावण्याची हमी द्या.

राहता राहिलं ओळखणं. कोरडं नाक, गरम कान यावरून काही कळत नाही. कुत्र्या-मांजराचं तापमान मुळात आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे हाताला ते नेहमीच गरम लागतात. ताप थर्मामीटरनं, गुदद्वारातच मोजायचा. हिरडी दर आठवड्याला बघायची सवय लावा म्हणजे तुमच्या प्राण्याचा नेहमीचा रंग डोळ्यात बसतो. ती पांढुरकी, पिवळी किंवा ठिपक्यांची दिसली, लघवी चहासारखी झाली, नाकातून रक्त आलं, पिल्लाला उलटी आणि रक्ताचे जुलाब एकदम सुरू झाले, तर सकाळची वाट बघायची नाही. मोठा कुत्रा एक दिवस जेवला नाही तर फोन करा. मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते निकामी व्हायला लागतं, म्हणून तिथे ‘उद्या खाईल’ हा शब्दच वापरायचा नाही.